रजोनिवृत्तीनंतरची हॉर्मोन थेरपी बायका मधेच का सोडतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाळी जाण्याबद्दल लिहायला लागले तेव्हा वाटलं होतं, बायका विचारतील, "हॉर्मोनची गोळी सुरू करू का?" तसं विचारणाऱ्या आहेतच. पण त्यांच्यापेक्षा "बंद केली, बरोबर केलं ना?" असं विचारणाऱ्या जास्त निघाल्या. कुणी तीन आठवड्यांत सोडलेली, कुणी सहा वर्षांनी. तेच ते प्रश्न पुन्हा येत राहतात, म्हणून इथे एकत्र केले आहेत. तुमची तब्येत, तुमचे रिपोर्ट मला माहीत नाहीत, त्यामुळे हे वाचून गोळीत परस्पर बदल करू नका.

१. एचआरटी, म्हणजे ही हॉर्मोन थेरपी, यात नेमकं काय देतात?

पाळी जायच्या सुमारास अंडाशयांतून इस्ट्रोजेन तयार होणं जवळपास थांबतं. आपल्याकडे हे साधारण ४६-४७ व्या वर्षी होतं, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. अंगातून गरम वाफा येणं, रात्री घामाने गाऊन भिजणं, झोप उडणं, योनीमार्ग कोरडा पडणं, हे सगळं त्यातूनच. एचआरटी म्हणजे तेच इस्ट्रोजेन थोड्या मात्रेत बाहेरून देणं: गोळी, त्वचेवर चोळायचं जेल किंवा चिकटवायचा पॅच.

गर्भाशयाची पिशवी शाबूत असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच. हा नियम चुका करून कळलेला आहे. अमेरिकेत १९६०-७० च्या दशकांत नुसतं इस्ट्रोजेन सर्रास दिलं जायचं. १९७५ मध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरशी त्याचा संबंध दाखवणारे अभ्यास छापून आले. तेव्हापासून अस्तराला आवर घालणारं दुसरं हॉर्मोन जोडलं जाऊ लागलं.

२. मग बायका ती सोडतात तरी का?

पहिलं कारण भीती, आणि भीती म्हणजे कॅन्सरची. त्याबद्दल प्रश्न ३ आणि ४ मध्ये सविस्तर लिहिलंय.

दुसरं कारण अंगावरून जाणं. पाळी गेल्याचं खरं तर समाधान असतं. पॅड नाही, तारखा नाहीत, सत्यनारायणाच्या दिवशी धाकधूक नाही. आणि गोळीने तेच पुन्हा सुरू झालं की बाई म्हणते, त्यापेक्षा वाफा बऱ्या. तिसरं, पहिल्या दोन-तीन महिन्यांतला त्रास: छाती जड होणं, पोट फुगणं, डोकं दुखणं. यातला बराचसा आपोआप ओसरतो किंवा मात्रा बदलून कमी होतो, पण "तीन महिने कळ काढा" हे वाक्य चिठ्ठी लिहिताना बऱ्याचदा राहून जातं. मग चौथ्या आठवड्यात पाकीट कपाटात जातं.

बाकी मग जाऊबाई, शेजारीण, व्हॉट्सअॅप. "हॉर्मोन्स घेतेस? अगं नको!" गंमत अशी की हीच जाऊबाई गौरी-गणपतीत किंवा लग्नसराईत पाळी पुढे ढकलायला केमिस्टकडून गोळी आणून बिनधास्त घेते, डॉक्टरांना न विचारता. ती गोळी, बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरोन, हॉर्मोनच आहे. मोठ्या मात्रेत तर तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि तिनेही रक्तात गुठळीचा धोका असतो. तिला मात्र कुणी "हॉर्मोन" म्हणत नाही.

आणि काही जणी सोडतात कारण त्रास संपलेला असतो. हे सगळ्यात चांगलं कारण. त्याबद्दल तक्रार नाही.

३. २००२ मध्ये असं काय झालं की सगळ्या जगाने ही गोळी टाकून दिली?

अमेरिकेत "विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह" नावाचा मोठा सरकारी अभ्यास चालू होता. त्यातल्या एका भागात पिशवी असलेल्या १६,६०८ बायका होत्या. निम्म्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम हॉर्मोन) यांची एकत्र गोळी, बाकीच्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. साडेआठ वर्षं चालायचा हा अभ्यास सरासरी ५.२ वर्षांनंतर, जुलै २००२ मध्ये, थांबवला गेला. गोळीवाल्या गटात स्तनाचा कॅन्सर, हृदयविकार, पक्षाघात आणि फुप्फुसातली गुठळी हे सगळं जास्त आढळलं.

मथळ्यांत आलं, "स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढतो." हा आकडा खोटा नव्हता. पण त्याचा अर्थ असा होता: दहा हजार बायकांमध्ये वर्षाला ३० ऐवजी ३८ जणींना. म्हणजे आठ जास्त. मांडीच्या खुब्याची हाडं मोडण्याचं आणि आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण त्याच गटात कमी झालं होतं, ते मात्र मथळ्यात आलं नाही.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. अभ्यासाचा प्रश्नच मुळी वेगळा होता: पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या बायकांना ही गोळी दिली तर हृदयविकार टळतो का? उत्तर आलं, नाही. वाफांनी हैराण झालेल्या ४९ वर्षांच्या बाईने ती घ्यावी का, हे तिथे विचारलेलंच नव्हतं. उत्तर मात्र तिलाही लागू केलं गेलं. शिवाय गोळी एकच होती: गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन नावाचं प्रोजेस्टिन. आज जेल आणि मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन घेणारी बाई वेगळं औषध घेत असते.

अमेरिकेत २००१ मध्ये हॉर्मोन थेरपीच्या सुमारे नऊ कोटी चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या होत्या. २००३ पर्यंत त्या पावणेसहा कोटींच्या आसपास आल्या. २००३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने पाकिटावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. तो व्यापक इशारा काढण्याची घोषणा व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं. दरम्यान, त्याच अभ्यासातल्या बायकांचा १८ वर्षं मागोवा घेऊन २०१७ मध्ये निष्कर्ष आले: एकूण मृत्यूंच्या प्रमाणात गोळीवाल्या आणि बिनगोळीवाल्या बायकांत फरक दिसला नाही.

४. म्हणजे कॅन्सरची भीती खोटीच?

नाही. "ते सगळं खोटं निघालं" असं आता उलट्या बाजूने सांगणारे व्हिडिओ फिरतात, तेही खरे नाहीत.

२०१९ मध्ये जगभरातल्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र मांडली गेली. सरासरी वजनाच्या बाईने पन्नाशीला सुरुवात करून इस्ट्रोजेन आणि रोजचं प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉन किंवा त्याच्यासारखं हॉर्मोन) असं पाच वर्षं घेतलं, तर ५० ते ६९ या वयात स्तनाचा कॅन्सर होणाऱ्या बायका शंभरात सहा-सव्वासहावरून आठ-सव्वाआठवर जातात. म्हणजे पन्नास जणींमागे एक जास्त. प्रोजेस्टोजेन महिन्यातले काहीच दिवस घेतलं तर सत्तर जणींमागे एक. नुसतं इस्ट्रोजेन असेल तर दोनशे जणींमागे एक. वर्षभराच्या आत थांबवलं तर फरक फारसा राहत नाही. जास्त वर्षं घेतलं असेल तर काही धोका बंद केल्यावरही दहा वर्षांहून जास्त उरतो.

हे आकडे पाश्चात्त्य देशांतले आहेत. आपल्याकडे या कॅन्सरचं मूळ प्रमाणच त्यांच्यापेक्षा कमी आहे. पन्नासात एक हे कुणाला किरकोळ वाटेल, कुणाच्या झोपेची वाट लावेल. आई किंवा बहीण त्या आजाराने गेलेली असेल तर आकडा समजूनही मन तयार होत नाही, आणि त्या कारणाने थांबणाऱ्या बाईला मी कधी "उगाच घाबरलीस" म्हणणार नाही.

५. दोन्हींपैकी प्रोजेस्टेरॉनच मला बाधतं, दिवसभर सुस्ती येते. तेवढीच बंद केली आणि इस्ट्रोजेन चालू ठेवलंय. चालेल ना?

पिशवी असेल तर अजिबात नाही. सगळं सोडण्यापेक्षा हे अर्धवट सोडणं जास्त वाईट. नुसत्या इस्ट्रोजेनने अस्तर जाड होत जातं आणि पुढचा धोका प्रश्न १ मध्ये आलाच आहे. सुस्तीवर सोपे उपाय आहेत: कॅप्सूल झोपताना घेणं (कित्येकींना तर तिच्यामुळेच झोप लागते), प्रकार बदलणं, किंवा प्रोजेस्टिन सोडणारी कॉपर-टीसारखी बसवायची वस्तू. डॉक्टरांशी बोलेपर्यंत इस्ट्रोजेन एकटं चालू ठेवू नका.

६. गोळी सुरू केल्यावर डाग दिसायला लागले. बंद केली, डाग थांबले. आता तपासणी कशाला?

कारण डाग थांबले म्हणजे कारण कळलं असं होत नाही. गोळी कोणत्या पद्धतीची होती त्यावर बरंच अवलंबून आहे. महिन्यातले ठरावीक दिवस प्रोजेस्टेरॉन असेल तर महिन्याला पाळीसारखं येणं अपेक्षितच असतं, आणि पाळी नुकतीच गेलेल्यांना बहुधा हीच पद्धत देतात. दोन्ही हॉर्मोन्स रोज असतील तर पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडू शकतात. त्यानंतरही पडत राहिले, खूप जास्त गेलं, किंवा मधे पूर्ण बंद होऊन पुन्हा सुरू झालं, तर सोनोग्राफी करून अस्तराची जाडी बघावी लागते, गरज वाटली तर अस्तराचा तुकडा तपासावा लागतो. गोळी सोडून दिलीत तरीही.

ज्यांना महिन्याचं येणंच नको, त्यांना पाळी जाऊन वर्ष झालं असेल तर बहुधा रोजच्या पद्धतीवर नेता येतं. एवढ्यावरून थेरपी सोडलेल्या किती तरी जणी मला भेटल्यात. पद्धत बदलता येते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

७. वजन वाढलं म्हणून बंद केली. आता उतरेल?

बहुधा नाही, कारण गोळीने ते वाढलेलंच नसतं. त्या वयात गोळी न घेणाऱ्यांचंही वाढतं आणि पोटावर येतं. सुरुवातीला अंगात पाणी साठून जड वाटतं, ते वेगळं.

८. "पाच वर्षं झाली, आता बंद" असं डॉक्टर म्हणाले. असा नियम आहे का?

पाच वर्षांची रेघ २००२ नंतरच्या धास्तीतून आली आणि चिठ्ठ्यांमध्ये मुरली. आजच्या प्रमुख मार्गदर्शक सूचनांत सगळ्यांना सरसकट लागू होईल अशी मुदत नाही. दरवर्षी बसून हिशेब मांडायचा: त्रास अजून आहे का, रक्तदाब, मॅमोग्राफी, घरात कुणाला काय झालं. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलेल्या निरोगी बाईसाठी फायद्याचं पारडं बहुधा जड असतं. पुढे वय वाढेल तसं ते हलकं होत जातं.

दुसरी बाजूही ऐका. वाफा दोन-तीन वर्षांत जातात ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेतल्या एका दीर्घ पाहणीत, ज्यांना वारंवार वाफा येत होत्या त्यांच्यापैकी निम्म्या जणींना त्या सात वर्षांहूनही थोड्या जास्त काळ टिकल्या. पाळी चालू असतानाच सुरू झालेल्या बायकांमध्ये तर जवळपास बारा वर्षं. तेव्हा पाचव्या वर्षी बंद केल्यावर त्या परत आल्या तर आश्चर्य नको.

९. एकदम बंद करू की हळूहळू?

दोन्ही चालतं. इंग्लंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की मात्रा हळूहळू उतरवली तर सुरुवातीला त्रास कमी परततो, पण काही काळानंतर दोन्ही पद्धती सारख्याच ठरतात. प्रश्न ५ लक्षात ठेवा: उतरवतानाही दोन्ही हॉर्मोन्सची जोडी मोडायची नाही. म्हणजे "आज एक, उद्या दुसरी" असे घरगुती प्रयोग नकोत. कसं उतरवायचं ते लिहून घ्या.

आणि एक अनुभवाचा सल्ला: एप्रिल-मेमध्ये बंद करू नका. मी तेच केलं होतं, तेही नागपुरात. पंधरा दिवस कळेना, ही वाफ आतली की बाहेरची. दिवाळीनंतर थांबवलं असतं तर निदान स्वेटर काढावासा वाटला की समजलं असतं.

१०. बंद केल्यावर वाफा परत आल्या. गोळीने त्रास नुसता पुढे ढकलला का?

काहींच्या बाबतीत, हो. प्रश्न ३ मधल्या अभ्यासातली गोळी अचानक थांबवल्यावर सुरुवातीला वाफा असलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त जणींना त्या पुन्हा आल्या. तरी दोन-तीन महिने वाट बघा. कित्येकींच्या या परतलेल्या वाफा विरत जातात. राहिल्याच तर कमी मात्रेत परत सुरू करणं किंवा बिनहॉर्मोनची औषधं (नैराश्यावरची काही औषधं, गॅबापेन्टिन) असे पर्याय आहेत.

११. मला वाफा नाहीत. पण बंद केल्याने हाडांवर परिणाम होतो का?

होतो, आणि तो जाणवत नाही म्हणूनच लिहितेय. इस्ट्रोजेनमुळे हाडांची झीज थोपलेली असते. बंद केल्यावर ती पुन्हा सुरू होते आणि मिळवलेलं संरक्षण काही वर्षांत ओसरतं. अमेरिकेत सुमारे ८१ हजार बायकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा थेरपी सोडलेल्यांत खुब्याचं हाड मोडण्याचा धोका चालू ठेवलेल्यांपेक्षा ५५ टक्के जास्त दिसला. आपल्याकडे ऊन भरपूर असूनही ड जीवनसत्त्वाची कमतरता घरोघरी आहे. बंद करण्याच्या सुमारास हाडांची घनता मोजून घ्या. कमी असेल तर हाडांसाठीची वेगळी औषधं असतात.

१२. माझी पिशवी आणि अंडाशयं ३६ व्या वर्षीच काढली. मीही चाळिशीत गोळी बंद केली तर?

तुमचा हिशेब वेगळा आहे, वरचे आकडे तुमच्यासाठी नाहीत. ४५ च्या आत, त्यातही चाळिशीच्या आत अंडाशयं गेली तर शरीराला ज्या वयात इस्ट्रोजेन मिळायलाच हवं होतं ते मिळत नाही. हाडं आणि हृदय दोन्हींवर त्याचा भार येतो. म्हणून अडचण नसेल तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत तरी थेरपी चालू ठेवायला सांगतात. पिशवी नसल्याने बहुधा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. २००२ च्या अभ्यासाच्या दुसऱ्या भागात, पिशवी काढलेल्या १०,७३९ बायकांवर, नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं; पक्षाघात वाढल्यामुळे तो २००४ मध्ये थांबवला, पण स्तनाचा कॅन्सर त्यात वाढला नाही, पुढच्या वर्षांत उलट कमी आढळला.

इथे मला बीडच्या ऊसतोड कामगार बायका आठवतात. २०१९ मध्ये बातम्या आल्यावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, त्यांतल्या कित्येक तरुण होत्या. आपण इथे गोळी का सोडली यावर बोलतोय. अंडाशयंही काढली आहेत की नाहीत हेच ज्या बाईला सांगितलेलं नसतं, तिच्यापर्यंत ही गोळी पोचलेलीच नसते. तुमचं ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड शोधा आणि अंडाशयं ठेवलीत का ते बघा.

१३. योनीत लावायची क्रीमही बंद करावी का?

गोळीबरोबर क्रीमही टाकून दिली असं कळवणाऱ्या पुष्कळ आहेत. दोन्ही एक नाहीत. क्रीमची मात्रा अगदी कमी असते, रक्तात जेमतेम पोचते आणि सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही. कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं, लघवीला वरचेवर जळजळ, हा त्रास वाफांसारखा वर्षांनी जात नाही, वाढतो. क्रीम वर्षानुवर्षं वापरता येते. अपवाद: स्तनाच्या कॅन्सरचे उपचार चालू असतील, विशेषतः इस्ट्रोजेन दाबणारी गोळी असेल, तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

१४. कोणत्या वेळी कुणाला न विचारता लगेच बंद करायची?

एका पायाला सूज येऊन पोटरी दुखणं, अचानक धाप लागणं किंवा छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलताना अडखळणं, हात-पाय लुळा पडणं. गोळी बंद आणि थेट दवाखाना. हृदयविकार, पक्षाघात, गुठळी किंवा स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं तरी पुढची गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना गाठा. स्तनात नवी गाठ लागली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. मोठं ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनला सांगा. तोंडाने घ्यायची गोळी काही जण चार आठवडे आधी थांबवतात, कारण तिने गुठळीचा धोका वाढतो. त्वचेवरच्या जेल-पॅचने तो वाढताना दिसलेला नाही.

१५. गोळी घोडीच्या मूत्रापासून बनते असं कळलं. आम्ही शाकाहारी. म्हणून सोडली.

ते एका जुन्या प्रकाराबद्दल खरं आहे. तो अमेरिकेत १९४२ पासून विकला जातोय. पण आज मिळणारं एस्ट्राडिओल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) बहुधा वनस्पतींतल्या घटकांपासून प्रयोगशाळेत बनतं. प्रोजेस्टेरॉनच्या मऊ कॅप्सूलचं आवरण मात्र बऱ्याचदा जिलेटिनचं, म्हणजे प्राणिजन्य असतं. केमिस्टला दोन्हींबद्दल वेगवेगळं विचारा.

१६. त्याऐवजी शतावरी किंवा सोयाबीन घेतलं तर?

सोयाने काहींच्या वाफा थोड्या कमी होतात, गोळीइतक्या नाहीत. हाडांसाठी त्यावर विसंबू नका. "नैसर्गिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांमध्ये काय आहे ते लिहिलेलं नसेल तर घेऊ नका, विशेषतः प्रश्न १४ मधले आजार असतील तर.

१७. मुलीकडे इंग्लंडला सहा महिने जायचंय. तिथे जेल मिळेल का?

तिथेही चिठ्ठी लागते. २०२२ मध्ये मागणी एवढी वाढली की जेलचा तुटवडा पडला आणि एका वेळी तीनच महिन्यांचं द्यायचं असं बंधन काही उत्पादनांवर आलं. मुक्कामाला पुरेल एवढं इथूनच न्या, चिठ्ठीसकट. तिथून इकडे येणाऱ्यांनीही तेच करावं. तिथला पॅच आपल्या गावातल्या केमिस्टकडे असेलच असं नाही, आणि निव्वळ तेवढ्यावरून थेरपी तुटलेल्या बायका आहेत.

१८. आठ वर्षांपूर्वी सोडली. आता ६४ व्या वर्षी पुन्हा सुरू करता येईल?

पाळी जाऊन दहाहून जास्त वर्षं झाल्यावर नव्याने सुरू करण्यात हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा धोका वाढतो, प्रश्न ३ मधल्या बायकांचं वय आठवा. म्हणून डॉक्टर बहुधा नाही म्हणतील, निदान गोळीला. क्रीमचं तसं नाही (प्रश्न १३).

१९. सहा महिन्यांपूर्वी परस्पर बंद केली. डॉक्टरांना सांगायची लाज वाटते.

त्यांच्या कागदावर तुम्ही अजून गोळी घेताय असं आहे, आणि पुढचं औषध ते त्यावरूनच ठरवणार. जाताना उरलेलं पाकीट घेऊन जा, बंद केल्याची तारीख आणि कारण एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. बोलताना शब्द सुचले नाहीत तर चिठ्ठी पुढे करा.